माळ्यावरचा तंबोरा

पुण्याच्या जुन्या पेठांतील वाड्यांच्या माळ्यांवर काय सापडणार नाही हे सांगणे कठीण. तांब्याचा बंब, पाळण्याच्या कड्या, मोडकी घडवंची, दिवाळी अंकांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे, आणि ह्या सर्वांच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवलेली, मळकट गवसणीतली, जवळजवळ माणसाच्या उंचीची एक वस्तू. गवसणीचे बंद सोडले की आतून तंबोरा निघतो. चारपैकी दोन तारा तुटलेल्या असतात, एक गंजून लाल झालेली असते, घोडी कलंडून तबलीवर आडवी पडलेली असते, भोपळ्यावर बुरशीचे पांढरे ठिपके उमटलेले असतात. घरातील कोणी वडीलधारी बाई पुढे येऊन सांगते की हा आत्याबाईंचा. आत्याबाई गात असत. लग्नानंतर गाणे सुटले, पण तंबोरा माहेरीच राहिला. पुढे कोणाला त्याची गरज पडली नाही, आणि तो टाकून देण्याचे धैर्यही कोणाला झाले नाही.

असे तंबोरे पुण्यात किती असतील याची गणना कोणी केलेली नाही. पण ते येथे आले कसे आणि मुके झाले कसे, हा इतिहास मात्र पाहण्यासारखा आहे. दिवाणखान्यात तंबोरा असणे ही पुण्याच्या पांढरपेशा घराची फार जुनी चाल नव्हे. पेशवाईत आणि तिच्यानंतरही पुष्कळ वर्षे गाणे राहिले ते दरबारात, देवळात, कीर्तनात आणि तमाशाच्या फडात. घरंदाज कुटुंबातील मुलाने गवई व्हावे ही कल्पनाच वडिलांच्या कपाळाला आठी पाडणारी होती. मुलीची तर गोष्टच नको. हा बांध हळूहळू फुटला. १८७४ मध्ये पुण्यात गायन समाज स्थापन झाला आणि गाणे ही सभ्य माणसांनी एकत्र जमून ऐकण्याची, एवढेच नव्हे तर अभ्यासण्याची गोष्ट आहे, असे शहरातील शिकलेल्या मंडळींना प्रथमच जाहीरपणे सांगण्यात आले. त्यानंतर सहा वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, आणि जे काम समाजाच्या सभांना जमले नसते ते एका रात्रीत सुरू झाले. नाटकातील पदे घराघरांत पोहोचली. ज्या घरात पदे आली त्या घरात पेटी आली. आणि जेथे गाणे पदांच्या पलीकडे गेले तेथे तंबोरा आला.

१९११ मध्ये भास्करबुवा बखले यांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. त्याच सुमारास अब्दुल करीम खाँसाहेबांनी आर्य संगीत विद्यालय चालवून शिष्यांना आपल्या घरच्या मुलांप्रमाणे वागवीत तालीम दिली. तिकडे विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून जी वाट पाडली होती तिच्यावरून त्यांचे शिष्य महाराष्ट्रात परतू लागले होते. ह्या सर्वांचा परिणाम असा झाला की विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत गाणे हा मध्यम स्थितीतील कुटुंबाच्या शिक्षणाचा एक भाग झाला. खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांनी तिकीट लावून जाहीर मैफली करण्यास आरंभ केला आणि बैठकीला पांढरे लुगडे नेसून बसलेली शांत, प्रतिष्ठित गायिका श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर उभी केली. पुष्कळ आत्याबाईंच्या हाती तंबोरा आला तो त्यानंतर. हे लक्षात घेतले म्हणजे माळ्यावरची ती गवसणी निव्वळ अडगळ राहत नाही. एका पिढीतील मुलींना जे मिळाले आणि पुष्कळदा लग्नाच्या मांडवातच जे हातचे गेले, त्याची ती खूण असते.

हे तंबोरे बहुतेक सर्व एकाच गावचे. तबलीच्या कडेला किंवा दांडीच्या मागे जुन्या कारखान्याची चिठ्ठी शिल्लक असेल तर तीवर मिरजेचे नाव सापडण्याचा संभव फार. मिरज हे पटवर्धनांच्या संस्थानाचे गाव. तेथे हा धंदा रुजला त्याची कथा मोठी मौजेची आहे, आणि ती मुळात दुरुस्तीचीच कथा आहे. फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन हे दोघे भाऊ जातीचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे, शस्त्रे घडवणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजी अंमल पक्का झाला आणि शस्त्रांचे काम ओसरले. दरबारात उत्तरेकडून येणाऱ्या गवयांची वाद्ये प्रवासात मोडत, आणि ती नीट करावयाची तर पुन्हा उत्तरेस धाडावी लागत. परंपरा सांगते की संस्थानिकांच्या आश्रयाने हे काम ह्या कुशल हातांकडे आले. मोडलेले वाद्य जोडता जोडता त्याचे अंतरंग कळले, आणि अंतरंग कळल्यावर नवे घडवण्यास वेळ लागला नाही. पोलादाच्या धारेवरून ज्यांचे बोट फिरत असे त्यांचेच बोट पुढे घोडीच्या उतारावरून फिरू लागले. केसाएवढा उंचवटाही त्या बोटाला लागलीच कळे, हे येथे विसरता येत नाही. कारण तंबोऱ्याचा सारा जीव त्या केसाएवढ्या फरकात असतो. शिकलगारांचे सतारमेकर झाले आणि हेच त्यांचे आडनाव पडले.

ह्या गावाला दैवही अनुकूल होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस राहिले; विष्णु दिगंबरांनी त्यांच्यापाशी तेथेच तालीम घेतली. अब्दुल करीम खाँसाहेबांनीही पुढे मिरजेसच घर केले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासेजवळ प्रवासात त्यांचा अंत झाला, तेव्हा देह आणला गेला तो मिरजेच्या दर्ग्यात. एवढे थोर गवई ज्या गावच्या गल्लीतून जातायेता दुकानाच्या पायरीवर बसत आणि ‘हा खर्ज अजून मोकळा बोलत नाही’ असे कारागिराला सांगू शकत, त्या गावचे वाद्य सुधारत गेले यात नवल नाही. खाँसाहेब तर स्वतःच वाद्यदुरुस्तीत निपुण होते. कानाने गायचे आणि हाताने घासायचे, असा योग फार थोड्यांच्या ठायी असतो.

आता वाद्याकडे वळावे. तंबोऱ्याचा भोपळा हा खरोखरीचा भोपळा आहे, ही गोष्ट नव्या पिढीतील पुष्कळांना ऐकून खरी वाटत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या खोऱ्यात, कडू भोपळ्याची ही मोठी जात पिकवली जाते. खाण्याला ती निरुपयोगी. भोपळा वेलीवर पुरता पिकू द्यावयाचा, मग महिनेच्या महिने वाळवावयाचा, म्हणजे त्याची साल लाकडासारखी कठीण होते. कारागीर तो पाण्यात भिजवून मऊ करतो, कापतो, आतील गर आणि बिया काढून टाकतो, आणि आकार बिघडू नये म्हणून आत काटक्यांचे टेकू देऊन पुन्हा वाळवतो. त्याच्यावर तुणीच्या हलक्या लाकडाचा गळा, पोकळ दांडी आणि वरून किंचित फुगीर अशी पातळ तबली बसते. हे सर्व सांधे सरसाचे. तबलीवर घोडी नुसती उभी असते. तिला कोणी चिकटवलेले नसते, तारांच्या दाबानेच ती जागेवर राहते. म्हणूनच तारा तुटल्या की ती कलंडते, आणि माळ्यावरचा तंबोरा उघडताना पहिला शोध घ्यावयाचा तो तिचा. गवसणीच्या तळाशी ती सापडली तर अर्धे काम झाले असे समजावे.

भोपळा ही ओलाव्याला फार लवकर बळी पडणारी वस्तू. पुण्याची हवा उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत आणि पावसाळ्यात दमट. दरवर्षी हा ताण वाद्याला सोसावा लागतो. सरस पाण्याने आणि उष्णतेने सुटतो. ज्या वर्षी पानशेतचे धरण फुटले त्या १९६१ च्या १२ जुलैस मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांतील घराघरांत शिरले. कपाटे, ग्रंथ आणि हस्तलिखिते ह्यांच्या नाशाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. सरसाने जोडलेल्या वाद्याची गत चिखलाच्या पाण्यात काय होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या दिवशी किती तंबोऱ्यांचे सांधे सुटले असतील याची कल्पना निराळी करून द्यावयास नको. माळ्यावरचे तेवढे वाचले. अडगळीत टाकल्याने एखादी वस्तू जगते, याचे हे उदाहरण.

घरी दुरुस्ती करावयास बसणाऱ्याने प्रथम काहीच करू नये. ही सूचना विचित्र वाटेल, पण जुन्या वाद्यांची खरी हानी उपेक्षेने होते त्यापेक्षा उत्साहाने अधिक होते. घरातील एखादा हौशी तरुण रविवारची सुट्टी साधून ओल्या फडक्याने सारे वाद्य खसाखसा पुसतो, काचकागदाने जुने रोगण घासून काढतो, बाजारातून आणलेले चकचकीत वार्निश दोन हात फासतो, आणि संध्याकाळी पाहुण्यांना दाखवतो. तंबोरा नवा दिसतो खरा. पण तबलीवर जाड वार्निशाचा थर बसला म्हणजे तिचे कंपन दबते. पूर्वीच्या कारागिराने लाखेचे पातळ पॉलिश कापडाच्या बोळ्याने किती हलक्या हाताने दिले होते, हे ते गेल्यावर कळते. कोरडा मऊ कुंचला, स्वच्छ सुती फडके आणि भरपूर सवड एवढ्यावर पहिला आठवडा काढावा. बुरशी झटकावी ती घराबाहेर, कोरड्या दिवशी आणि नाकाला फडके बांधून. वाद्य सावलीत वाऱ्याला ठेवावे. कडक उन्हात ठेवल्यास भोपळा तडकतो.

मग परीक्षा. भोपळ्यावर बोटाच्या पेराने जागोजाग टिचकी मारीत जावे. ठणठणीत आवाज आला तर भिंत धड आहे; बद्द आवाज आला तर तेथे चीर तरी आहे, नाहीतर किडीने आतून पोखरले आहे. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली तर खाली पांढरा कागद पसरून चार दिवसांनी पाहावे. कागदावर ताजी पूड पडली असेल तर कीड जिवंत आहे, आणि तो तंबोरा घरातील इतर लाकडी सामानापासून दूर ठेवून जाणत्याकडेच न्यावा. गळ्याचा सांधा दोन्ही हातांत धरून हलकेच दाबून पाहावा. करकर वाजला तर सरस सुटला आहे. दांडी डोळ्याच्या रेषेत धरून पाहावी. वर्षानुवर्षे पूर्ण ताणात तारा ठेवलेल्या असल्या तर ती धनुष्यासारखी वाकलेली आढळते, आणि हा दोष घरी दुरुस्त होण्यासारखा नसतो.

भोपळ्याची लहानशी चीर जुने कारागीर सरसात लाकडाचा भुसा कालवून भरीत, आणि मोठ्या चिरेला आतून कापडाची पट्टी देत. येथे सरसाचा आग्रह का, असे कोणी विचारील. बाजारात त्याहून चिवट पदार्थ पुष्कळ मिळतात. उत्तर असे की सरस सुटतो हा त्याचा गुण आहे. पन्नास वर्षांनी पुन्हा हे वाद्य कोणाला उघडावे लागेल. तेव्हा थोडी ऊब आणि थोडा ओलावा दिला की सांधा मोकळा होतो आणि लाकूड शाबूत राहते. हल्लीच्या कृत्रिम गोंदाने जोडलेला सांधा उघडायचा तर पुष्कळदा लाकूडच फाटते. युरोपातील व्हायोलीन व गिटार दुरुस्त करणारे निष्णात कारागीर आजही ह्याच कारणासाठी गरम सरसच वापरतात.

खुंट्यांचे काम त्या मानाने सोपे. त्या घसरत असतील तर भोकात बसणाऱ्या भागास खडूची पूड लावावी. अडकत असतील तर साफ करून पाहाव्या. पण भोके झिजून मोठी झाली म्हणून खुंटीभोवती कागद गुंडाळण्याची जी घरगुती युक्ती आहे, ती भोक आणखी बिघडवते. तारा सर्वच्या सर्व बदलाव्या. ह्या एका बाबतीत जुन्याचा लोभ धरू नये, कारण गंजलेली तार सुरात लागत नाही आणि लावताना तुटून डोळ्यास इजा करण्याचे भय असते. मात्र जुन्या तारा काढण्यापूर्वी घोडी उभी असेल तर तिच्या पायांभोवती शिसपेन्सिलीने पुसट रेघ ओढून ठेवावी. तिची जागा अर्ध्या बोटाने हलली तरी कारागिराने साधलेले नाते तुटते.

घोडी, दांडीवरील नक्षी आणि तारांचे मणी ह्यांत जुन्या तंबोऱ्यात हस्तिदंत किंवा सांबरशिंग आढळते. त्यातील एखादा तुकडा पडलेला असला की तसाच नवा बसवावा अशी इच्छा होते. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आहे. कारागीर आता हाड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. तुकडा नाही तर नाही. रिकामी जागा तशीच राहू दिल्याने आवाजात काडीचा फरक पडत नाही.

येथपर्यंतची कामे सावकाशीने, सावधपणे कोणाही गृहस्थाला जमण्यासारखी आहेत. यापुढे जवारी येते, आणि तेथे गृहस्थाने हात आखडलेला बरा.

इतर देशांतील तंतुवाद्यांत तार घोडीच्या धारेवर टेकते. गिटारीची घ्या, व्हायोलीनची घ्या. तारेला एक निश्चित कड मिळते आणि ती तेथून पुढे कंप पावते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद पाटासारखी असून तिचा माथा अगदी सौम्य उताराचा असतो. तार हलू लागली म्हणजे त्या उतारावर ती टेकते, उचलते, पुन्हा टेकते. तिची टेकण्याची जागा क्षणोक्षणी मागेपुढे सरकते. ह्या सूक्ष्म घर्षणातून मूळ सुराच्या जोडीला वरचे स्वर एकामागून एक फुटून निघतात. तार आणि घोडी ह्यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. तो गव्हाच्या दाण्याएवढा मागेपुढे केला की एका विशिष्ट जागी आवाज एकदम उमलतो. बंद खोलीची खिडकी उघडावी तसा. गवई त्यालाच जवारी खुलली असे म्हणतात.

ह्या साध्या दोऱ्याकडे एका मोठ्या शास्त्रज्ञाचे लक्ष गेले होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यास असताना, १९२१ च्या सुमारास, भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. युरोपीय ध्वनिशास्त्राचा एक मान्य नियम असा होता की तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वराची स्थिर जागा येते तो उपस्वर ऐकू येऊ नये. रामन यांना वीणा आणि तंबोरा ह्या वाद्यांत तो स्पष्ट ऐकू येतो असे आढळले, आणि त्याचे कारण त्यांनी घोडीच्या त्या वक्र पृष्ठभागात आणि दोऱ्यात दाखवले. पुढे १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रकाशाच्या संशोधनाबद्दल. पण तंबोऱ्यावरची ही पाचसहा पाने आपल्याकडील कारागिराच्या अनामिक बुद्धीला दिलेली दाद म्हणूनही वाचता येतात. खर्जाची तार छेडली असता जो गांधार आपोआप ऐकू येतो आणि ज्याला गवई स्वयंभू म्हणतात, तो गणिताच्या भाषेत त्या तारेचा पाचवा उपस्वर होय. कोणी लावलेला नसताना तो येतो. वाद्य निकोप असेल तरच येतो.

वर्षानुवर्षे वाजून तारांनी घोडीच्या माथ्यावर बारीक चऱ्या पाडलेल्या असतात. त्या कानशीने उतरवून उतार पुन्हा साधणे म्हणजे जवारी काढणे. हे काम दिसावयास पाच मिनिटांचे आणि शिकावयास आयुष्याचे. एक हात कानशीचा जास्त फिरला की गेलेले हाड परत येत नाही. पुण्यात आणि मिरजेत ही जाण असलेले हात अजून आहेत, आणि घोडी खिशात घालून त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही. ह्याच्या उलट, तारा नव्या आणि दोरा नवा एवढ्यावरच पुष्कळ जुन्या घोड्या चांगल्या बोलू लागतात. तेव्हा कानस सर्वांत शेवटी.

ह्या सर्व खटाटोपात खरा कठीण प्रश्न हाताचा नसून विवेकाचा असतो, आणि तो तबलीपाशी उभा राहतो. जुनी तबली घोडीच्या दाबाखाली खचलेली असते, क्वचित तिला उभी चीर गेलेली असते. नवी तबली बसवून घेणे सोपे आणि कित्येकदा स्वस्तही पडते. पण मग तो तंबोरा आत्याबाईंचा राहिला काय? स्पेनमधील अंतोनियो दे तोर्रेस ह्या नामांकित गिटार-कारागिराने १८६२ मध्ये एक गिटार केली, तिची पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या होत्या. फक्त वरची फळी उत्तम लाकडाची. आवाज ह्या फळीत असतो, हे त्याला सिद्ध करावयाचे होते. भोपळ्यावर तबली बसवणाऱ्या मिरजेच्या कारागिराला हे सिद्ध करून दाखवण्याची कधी गरज वाटली नाही, इतकेच. इटलीतील स्ट्रॅडिव्हेरियसच्या व्हायोलिनींचेही तेच. गेल्या दोनतीनशे वर्षांत त्यांतील जवळजवळ सर्वांच्या माना बदलल्या गेल्या, आतील आधार बदलले गेले, तारा तर किती वेळा बदलल्या याला गणतीच नाही. परंतु वरची फळी शक्य तोवर कोणी बदलली नाही. चिरा सांधल्या, आतून ठिगळे दिली, पण तीच ठेवली. तंबोऱ्याच्या बाबतीत हाच दंडक धरणे शहाणपणाचे. चीर गेलेली तबली सांधता येते. खचलेली तबली आणखी खचत नसेल तर तशीच राहू द्यावी. तिचा आवाज थोडा क्षीण असेल, पण तो तिचाच असेल.

ह्याला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वाद्य हे वाजण्यासाठी असते. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर, म्हणजेच कवी ‘अज्ञातवासी’, यांनी हयातभर फिरून जमवलेला संग्रह आज शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून उभा आहे. वाड्यांतून निघालेल्या दिव्यांबरोबर, अडकित्त्यांबरोबर तेथे वाद्येही आहेत. केळकरांनी ती उचलली नसती तर त्यातील कित्येक चुलीत गेली असती. परंतु काचेमागचे वाद्य पाहावयाचे असते. त्याला शांतता शोभते. घरातील तंबोऱ्याचे तसे नाही. त्याला कोणीतरी मांडीजवळ घेऊन बसावे लागते. गाणाऱ्या मुलीच्या हाती तो जावयाचा असेल आणि खचलेल्या तबलीमुळे तो मुळीच सुरात राहत नसेल, तर ती बदलणारा कारागीर अपराधी ठरत नाही. मात्र काढलेली तबली जपून ठेवावी आणि काय बदलले, कोणत्या साली, हे कागदावर लिहून तो कागद गवसणीच्या खिशात ठेवावा. एवढी नोंद आपल्याकडे कोणी ठेवीत नाही, म्हणून चांगल्या चांगल्या वाद्यांचा इतिहास हातचा जातो.

तंबोऱ्याला एकदा राजाश्रयाहून मोठा आश्रय मिळाला होता तो आकाशवाणीचा. १९४० च्या मार्चमध्ये हार्मोनियमला भारतीय नभोवाणीवर बंदी झाली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीचे ठोकळेबाज स्वर आपल्या गाण्याला बाधक, असा तो निर्णय होता. त्याच्या योग्यतेबद्दल गवयांत तेव्हाही एकमत नव्हते. पण त्या तीस वर्षांत घरोघरच्या श्रोत्यांच्या कानांवर पेटीच्या पडद्याशिवाय तंबोऱ्याचा झंकार उघडा ऐकू आला. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, आणि त्याच वर्षी भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पुण्यात तो उत्सव आरंभिला, ज्याला आजही हजारो लोक स्वेटर घालून, सतरंज्या घेऊन जातात. त्या व्यासपीठावर गाणाऱ्याच्या पाठीशी तंबोऱ्यांची जोडी असते.

घरांतून मात्र तो माळ्यावर गेला. वाडे पडले, सदनिका आल्या. पाच फुटांचे वाद्य निर्धोक ठेवावे असा कोपरा सदनिकेत राहिला नाही. पाठोपाठ विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी निघाली आणि आता तर खिशातल्या दूरध्वनीतही तो आवाज सामावला आहे. प्रवासाला आणि रियाजाला ही सोय मोठी आहे. तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. फरक एवढाच की ती पेटी नेहमी सुरातच असते, आणि तंबोरा लावावा लागतो. लावता लावता कान तयार होतो. हा पहिला धडा पेटीने शिष्याकडून काढून घेतला आहे.

तिकडे मिरजेत कारागिरांची नवी पिढी ह्या धंद्यात किती राहील, हा प्रश्न आहेच. पाऊस कमीजास्त झाला की भोपळ्याचे पीक जाते, आणि भोपळा गेला की वर्षाचे काम जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे त्या नावाने दुसरीकडचा माल विकता येणार नाही. नावाचे रक्षण झाले हे बरेच झाले. पण कारागिराचे पोट चालते ते नव्या वाद्यांच्या विक्रीवर आणि जुन्यांच्या दुरुस्तीवर. माळ्यावरून खाली उतरलेला प्रत्येक तंबोरा त्याच्याकडे कधी ना कधी घोडीसाठी, गळ्यासाठी, तबलीसाठी जातोच.

दुरुस्त झालेला तंबोरा पहिल्याच दिवशी पूर्ण सुरास चढवू नये. तारा नव्या असतात, सांधे नुकते वाळलेले असतात, आणि कित्येक वर्षे निवांत राहिलेल्या दांडीवर एकदम ताण आला तर ती कुरकुरते. पहिल्या दिवशी दोनतीन स्वर खालीच लावून ठेवावा. दुसऱ्या दिवशी तारा उतरलेल्या आढळतील. त्या थोड्या चढवाव्या. असे आठदहा दिवस चालते. मग एखाद्या संध्याकाळी पंचम, जोड आणि खर्ज आपापल्या ठिकाणी स्थिर राहतात. मणी केसभर सरकवून, दोरा केसभर ओढून पाहावा, पुन्हा छेडावे, पुन्हा ओढावे. स्वयंपाकघरातून कोणी ‘आता पुरे’ असे म्हणेपर्यंत हे चालते. आणि अशाच एका वेळी खर्जाच्या तारेतून, कोणी न लावलेला, तो गांधार हलकेच वर येतो, आणि आतल्या खोलीतील म्हातारी बाई हातातले काम थांबवून दाराशी येऊन उभी राहते.